खिडकीपाशी विचारलेलं नाव

लेम्युएल गॅडिसने बायकोच्या पाठीमागे उशी सरकवली आणि पेला तिच्या ओठांशी नेला. व्हर्नेलने पाण्याकडे पाहिलंही नाही.

"बडीच्या पत्राला उत्तर धाडलंस?"

"धाडतो."

"ते आलं तेव्हा मी अजून चुलीपाशी उभी राहत होते, लेम."

त्याने पेला खाली ठेवला. मुलाने पत्रात एवढंच विचारलं होतं : आईला बघायला यायचंय, पण माझ्या नावावर वॉरंट आहे का ते आधी कोर्टात बघशील? डेट्रॉइटला कामाला जाण्याआधी गाडीच्या फुटक्या मागच्या दिव्यासाठी आणि विम्याचा कागद जवळ नसल्याबद्दल बडीला चलान झालं होतं. तारखेला तो गेला नाही. सेंट लुइसच्या कडेच्या या छोट्या गावात तारीख चुकली की जज अटकेच्या वॉरंटवर सही करून मोकळा होई, आणि पोलिसांची गाडी येणाऱ्याजाणाऱ्या नंबरांवर डोळा ठेवून पुलाच्या तोंडाशी उभी राही. मुलाच्या भाड्याच्या खोलीवर फोन नव्हता. असता तरी लेम्युएलला फोनवर काही धड बोलता आलं नसतं. सारा जन्म त्याने शाळेच्या वाचनालयात हलक्या आवाजात काढला होता.

चर्चमधली सिस्टर क्लोटील दुपारी व्हर्नेलजवळ बसायला आली. टोपी चढवणाऱ्या लेम्युएलकडे तिने डोळे बारीक करून पाहिलं.

"ब्रदर गॅडिस, कोर्टाच्या त्या खिडकीपाशी घरचं माणूस जात नसतं. मंगळवारी मी विचारून येते. माझ्या नावावर देवाशिवाय कुणाची तक्रार नाही."

"माझ्याही नावावर नाही," तो म्हणाला. "आणि मुलगा माझा आहे."

"अगं बाई! आज आवाज फुटला वाटतं," क्लोटील व्हर्नेलला म्हणाली. व्हर्नेल बऱ्याच दिवसांनी हसली. ते हसू घेऊनच तो बाहेर पडला.

खिडकीमागच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "नाव?"

"लेम्युएल गॅडिस. वॉरंट आहे का, एवढंच बघायचं होतं."

"पत्ता?"

त्याने घरचा पत्ता सांगितला. तिने ओळखपत्र मागितलं, त्याने लायसन दिलं. तिने संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं, लायसनकडे पाहिलं आणि गोड हसली.

"बसा हं जरा."

किती नीट वागवतात, असं त्याला वाटलं. आपण उगीच घाबरत होतो. त्याने खिशातलं पुस्तक काढलं आणि खूण घातलेलं पान उघडलं. तेवढ्यात बाजूचं दार उघडून दोन पोलीस आले. ते आपल्यासाठी आलेत हे दंडाला हात लागेपर्यंत त्याच्या लक्षात आलं नाही.

मागच्या खोलीत त्याचा पट्टा काढून घेतला, बुटांच्या नाड्या काढून घेतल्या, मग चष्मा.

"चष्मा राहू द्या ना," तो म्हणाला.

"काच आहे."

कोठडीत सिमेंटने माखलेल्या पँटचा एक तरुण बसला होता. चष्म्याविना त्याचा चेहरा पुसट दिसत होता.

"काय आजोबा, बँक लुटलीत?"

"मुलाच्या नावावर वॉरंट आहे का, ते विचारायला आलो होतो."

तरुण खोकला येईपर्यंत हसला. "मग कळलं की! नाव काय तुमचं?"

"लेम्युएल गॅडिस."

"आणि पोराचं?"

लेम्युएलने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मुलगा झाला तेव्हा आपलंच नाव त्याला द्यायचा हट्ट त्याचा होता. पण घरात, गल्लीत, चर्चमध्ये सगळे त्याला बडी म्हणत, आणि हळूहळू ते नाव एकट्या बापाचंच होऊन बसलं होतं.

"अरे देवा," तरुण म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"कधी सोडतील?"

"जज गुरुवारी येतो. आला तर. मला उचललं त्या रात्री बायको बाळंत झाली. घर इथून तीन गल्ल्यांवर."

"मुलगा की मुलगी?"

"कुणी सांगितलं नाही अजून."

संध्याकाळी नवीन पाळीचा हवालदार आला. लायसन हातात धरून तो शिपायावर ओरडला, "जन्मसाल वाचता येतं का कुणाला इथे?" मग लेम्युएलचा चष्मा आपल्या शर्टाला पुसून त्याने परत दिला. "सॉरी, मिस्टर गॅडिस. पुढच्या वेळी नावामागे सिनियर लावा. आणि ज्युनियरला सांगा, आम्ही वाट बघतोय."

तो घरी आला तेव्हा क्लोटील निघायच्या तयारीत होती. त्याचा चेहरा पाहून ती काही न विचारता गेली.

"कुठे होतास?" व्हर्नेलने विचारलं.

"कोर्टातून पुढे वाचनालयात गेलो. वेळेचं भान राहिलं नाही."

"डॉक्टर येऊन गेला. बडीला लिही, या आठवड्यातच ये म्हणावं. पुढचं सांगता येत नाही."

तो तिच्या खाटेशेजारी टेबलाशी बसला. बराच वेळ कागद कोरा राहिला. मग त्याने एका दमात लिहिलं आणि पाकीट पुढे ओढलं.

"दे इकडे. खाली मी सही करते. माझं अक्षर बघितलं की निघेल तो."

"हात दुखेल तुझा."

"दे म्हटलं ना."

तो उठला आणि कागद तिच्या हाती ठेवला. तिची नजर आधी त्याच्या पायांकडे गेली. बुटांच्या जिभा बाहेर लोंबत होत्या. या गावात बिननाडीच्या बुटांनी माणूस कुठून परत येतो, हे तिला सांगावं लागत नव्हतं. मग तिने वाचायला घेतलं.

'बडी, आईला आता पुष्कळ बरं आहे. काल तिने भाजी मागून खाल्ली. घाईने येऊ नकोस. उन्हाळ्यात बघू.'

ती पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. लेम्युएल खाली बघत उभा होता. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ठिबकत होतं.

"पेन," ती म्हणाली.

सही करायला तिला वेळ लागला. सहीखाली तिने आणखी एक ओळ लिहिली, थांबत थांबत, आणि कागद त्याच्याकडे दिला.

'क्लोटीलच्या भाजीत मीठ फार होतं. तरी दोनदा घेतली.'

त्याने पाकीट चिकटवलं. कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी जाऊन ते आत सोडलं, आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीचं झाकण धरून ठेवलं.