वरची एक

आमच्या कारखान्यात बिजागऱ्या होतात. कारखाना म्हणायचं ते बाबांच्या समाधानासाठी. खरं तर पत्र्याची एक लांबट शेड, दोन प्रेस, एक ड्रिल मशीन आणि दाराशी टेबल टाकून बसलेली आत्या. पत्रा कापणं, पानं वळवणं, पिना घालणं हे बाबांचं आणि कामगारांचं काम. भांडणं हे माझं. आणि डबे भरणं आत्याचं. त्यात कुणी लुडबूड केलेली तिला खपत नाही.

डझनाच्या डब्यात आत्या बारा बिजागऱ्या मोजून ठेवते आणि वर एक टाकते. शेड उभी राहिली तेव्हापासूनची तिची ही रीत. एखादी सुताराच्या हातून पडते, एखादीवर ओरखडा येतो, म्हणून. "नुसत्या मोजून दिल्या तर तोंडावर फेकल्यासारखं वाटतं गं," असं तिचं म्हणणं. बाबांनी कधी हरकत घेतली नाही, कारण आत्या त्यांची थोरली बहीण.

मग लांबून कंटेनर भरभरून बिजागऱ्या यायला लागल्या आणि आमचं कंबरडं मोडलं. त्या इतक्या स्वस्त की आमचा नुसता पत्राच त्याहून महाग पडायचा. दुकानदार आधी आमच्याशी प्रेमाने बोलायचे, मग नुसते बोलायचे, मग बोलेनासेच झाले. शेजारच्या कुलूपवाल्याने आपल्या कारखान्यालाच कुलूप घातलं. भंगारवाला आमच्या दारात उभा राहून मुलगी बघायला आल्यासारखा प्रेसकडे बघायचा. "घाई नाही," म्हणायचा. "ठरलं की सांगा."

आशा एकच उरली होती, शहराबाहेरची कपाटांची मोठी कंपनी. तिथल्या खरेदी साहेबांचं डोकं खाऊन मी नमुन्याची एक ऑर्डर मिळवली. माल पास झाला तर वर्षभराचं काम, नाही तर दोन्ही प्रेस भंगारात. मी आत्यासमोर उभी राहिले आणि बजावलं, "कंपनीचं काम आहे. बारा म्हणजे बारा. वरची टाकायची नाही."

"बरं बाई," आत्या म्हणाली.

माल गेला आणि दोन दिवसांत फोन आला: घेऊन जा.

मी टेम्पो घेऊन धावले. कंपनीच्या स्टोअरमध्ये साहेबांनी आमचा एक डबा काट्यावर ठेवला. लाल दिवा. दुसरा ठेवला. लाल दिवा. मी डबा उघडला आणि मोजायच्या आधीच मला कळलं. तेरा.

"साहेब, एक जास्त आहे हो, कमी नाही!"

"मॅडम, काट्याला दोन्ही सारखंच. वजन जुळलं नाही की डबा परत. नियम मी केलेला नाही."

मी तिथूनच आत्याला फोन लावला. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे म्हणाली, "अगं, एवढी मोठी कंपनी. त्यांना मोजून द्यायचं? शोभतं का ते?"

मी फोन बंद केला. हमाल येईपर्यंत स्टोअरच्या खिडकीजवळच्या बाकावर बसले. रडू येत होतं, आणि रडू आलं की मला आणखी राग येतो. बाबांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

खिडकीशी कपाटं जोडणाऱ्या कामगारांची रांग लागली होती. पुढचा म्हणाला, "एक बिजागरी." आतून आवाज आला, "चिठ्ठी?" बिचारा सुपरवायझरची सही आणायला परत निघाला. "स्क्रू घसरला, पानावर ओरखडा आला," तो माझ्याकडे बघून करवादला. "एका बिजागरीसाठी अख्खं कपाट आडवं पडलंय माझं." मागचाही बिजागरीसाठीच आलेला. त्याच्या मागचाही.

माझ्या मांडीवर तो उघडा डबा होता. मी एक उचलून त्या पहिल्याला दिली. तो धावतच गेला. मग दुसऱ्याने हात पुढे केला, मग तिसऱ्याने. थोड्या वेळाने सुपरवायझर स्वतः शोधत आला. "मघाशी बिजागऱ्या कुणी वाटल्या? अजून आहेत का?"

मी त्याला धरून साहेबांच्या केबिनमध्येच नेलं. "साहेब, यांच्या लाइनवर आठवडाभर आमचे हे तेराचे डबे ठेवा. यांचा एक माणूस जरी खिडकीवर दिसला, तर हा माल मी स्वतः भंगारात घालीन."

साहेबांनी सुपरवायझरकडे पाहिलं. त्याने जोरजोरात मान हलवली. "एक आठवडा," साहेब म्हणाले.

त्या आठवड्यात मी आत्याशी बोलले नाही. बाबा चांगल्या चाललेल्या प्रेसना उगाच तेल देत बसायचे. भंगारवाला तर थेट मोजपट्टी घेऊन आला आणि प्रेसची लांबी घ्यायला लागला. तेवढ्यात दारात गाडी थांबली. खरेदी साहेब वाकून आत आले, तरी चौकटीवर डोकं आपटलंच.

"त्या लाइनचा एकही माणूस खिडकीवर आला नाही," कपाळ चोळत ते म्हणाले. "उलट कपाटं जास्त निघाली. वर्षाची ऑर्डर तुमची. डब्यात तेरा. काट्यात तेवढंच वजन भरून घेतलंय."

बाबा स्टुलावर बसले आणि हातातल्या फडक्याने डोळे पुसले. फडकं तेलाचं, त्यामुळे तोंड काळंकुट्ट झालं आणि सगळी शेड हसायला लागली. मी एवढ्याने ओरडले की साहेब दचकले. मोजपट्टीचं टोक अजून प्रेसवर होतं. ते मी सोडवलं आणि भंगारवाल्याच्या हातात दिलं. "ठरलं," म्हटलं. मग आत्याच्या गळ्यात पडले. "आता आठवली होय आत्या?" ती म्हणाली, पण मिठी काही सोडेना.

काम आम्हाला एकट्यांना झेपणारं नव्हतं. पिना करायला कुलूपवाल्याकडे दिल्या. त्याने शटर वर केलं तो आवाज ऐकायला बाबा मुद्दाम रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

पहिली गाडी भरायची होती. आत्याने पहिल्या डब्यात तेरा मोजल्या आणि हात पुन्हा ढिगाकडे नेला. मी तो हवेतच पकडला.

"आत्या!"

"अगं, तेरा तर त्यांच्या हक्काच्या झाल्या. मग वरची कुठाय?"

डोक्याला हात लावून मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "काट्यात चौदा करू का?"

"नको, नको! मग ती पंधरावी टाकेल."

साहेब हसले. त्यांना हसता येतं हे मला तेव्हा कळलं. "मग असं करा, वरची ड्रायव्हरबरोबर माझ्याकडे सुटी पाठवा. घरच्या कपाटाचं दार कधीचं लोंबतंय."

आत्याचं समाधान झालं. डब्यांवर तिने आपल्या हाताने झाकणं लावली. मग एक कागद ओढला. "दाराला एकीने काय होतंय? दोन लागतात," म्हणत त्यावर दोन चांगल्या बिजागऱ्या ठेवल्या, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि वर एक टाकली.

मी पुडीला दोरा बांधून दिला.