गिलासातलं लसीचं विष

भनपुरीत ट्रकच्या गॅरेजमागे पत्र्याच्या शेडखाली अख्खा पारा, म्हणजे आमची सगळी वस्ती, डोळे मिटून बसला होता. नेत्रानंद महाराज एकेकाच्या पापणीआड काळं अंजन सारत, जपाला बसवत, आणि जरा वेळानं कापसानं डोळ्यातून एक बुळबुळीत दाणा काढत. भोवती पांढरा, मधोमध काळा.

"ये देखो, टीके का जहर."

"हव महाराज, लसीचं विष," लोक माना डोलवत.

रांगेत माझी बायको कमला होती. घरी बुद्धवंदना आणि इथं महाराज! पण तिचं खरंच दुखत होतं. लस घेतल्यावर काही दिवसांनी उजवा डोळा लाल झाला, ठणकू लागला, उजेड सोसेना, धूसर दिसू लागलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं हसून वाटेला लावलं; महाराजांनी ऐकून तरी घेतलं. वर ताकीद दिली, "डॉक्टर की दवा डाली तो जहर जम जाएगा."

तो दाणा मात्र माझ्या ओळखीचा वाटत होता. मी भक्तासारखा हात पसरला, चिमूटभर अंजन प्रसाद म्हणून मागितलं आणि पाण्याच्या गिलासात टाकलं. थोड्याच वेळात तसेच बुळबुळीत दाणे वर आले, गिलासभर विष फुगलं.

"कमला, हा सब्जा होय. तू फालुद्यात टाकतं तोच. पाणी भेटलं का फुगते. डोळ्यात आसवं भेटतात."

"गिलास अपवित्र है," महाराज गुरकावले.

"असंल. पण याले लस तं नाही टोचली न?"

शेडभर हशा पिकला. महाराजांना अचानक समाधीची वेळ आठवली.

कमला तेवढी हसली नाही. "मंग माहा डोळा काहून दुखून राहिला? ते तं खोटं नाही."

खोटं नव्हतंच. तिला तसंच शंकर नगरला डोळ्यांच्या डॉ. ऋतांकडे नेलं. त्यांनी तपासून सांगितलं, "डोळ्याच्या आत सूज आहे. लसीनंतर असं क्वचित होतं, पण दुसरी कारणंही असतात. तपासण्या करू, आणि लसीनंतर झालं हे मी सरकारी नोंदीसाठी वर कळवते. आणखी उशीर केला असता तर नजर गेली असती."

कमला बाहेर येऊन रडली. मीही घाबरलो होतो. थेंबांनी डोळा हळूहळू निवळला.

तेव्हा लसीबद्दल शंका आली तर बेलाशक विचारा. दवाखान्यात कुणी हसलं तर दुसरीकडचा डॉक्टर गाठा. पण ज्याचं औषध गिलासातूनही विष काढतं, त्याच्यापुढे डोळे मिटून बसू नका.