कुलपाच्या चित्राची फाईल

उचगावच्या दूध संस्थेसमोर सकाळची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती आणि आतला काटा मुका झाला होता. एरवी किटली ठेवली की कॉम्प्युटरवर वजन उमटायचं; आज नुसतं शून्य. संस्थेची सचिव संयोगिता वायरी काढून परत बसवत होती, मशीन बंद करून चालू करत होती, आणि दर वेळी तेच शून्य तिच्याकडं बघत होतं.

"ताई, दूध नासंल की हितंच!" रांगेतून गुंडू ओरडला.

"मग काय वंजळीनं मोजू?" ती खेकसली.

तेवढ्यात अध्यक्ष आण्णा आत आले. काटा बंद पडलाय म्हटल्यावर त्यांनी शांतपणे मान हलवली. "व्हायरसनं जाता जाता कायतरी केलं असणार बघ."

संयोगिताचा हात वायरीवरच थांबला. "कुठला व्हायरस, आण्णा?"

आण्णांनी मोठ्या अभिमानानं फोन पुढं केला. मेसेज लाल टिंबांनी सजला होता. 'अतितातडीचं! कुलपाचं चित्र असलेली फाईल तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असेल तर तो महाभयंकर व्हायरस आहे. कुठल्याही अँटिव्हायरसला सापडत नाही. एका मोठ्या कंपनीनं कालच जाहीर केलंय. फाईल ताबडतोब काढा आणि हा मेसेज सगळ्यांना पाठवा.'

"आणि खरंच हुती की गं! काल हुडकून हुडकून काढली. डिलीट केली, वर कचऱ्याच्या डब्यातनंबी काढली."

"आण्णा, ती सगळ्यांच्याच कॉम्प्युटरात असते! मशीनचीच फाईल हाय ती, तिच्याबिगर काटा चालत न्हाय. कुणीबी हुडकली तरी घावणारच!"

रांग गप होईना म्हणून तिनं माळ्यावरचा जुना काटा उतरवला आणि हातानं मोजायला दोन बायका बसवल्या. मग पेठ वडगावच्या अरिहंतला फोन लावला. काट्याचं सगळं त्यानंच बसवून दिलं होतं.

"तुमचंबी तेच?" अरिहंत वैतागून म्हणाला. "आत्ताच आमच्या वडगावच्या संस्थेतनं फोन आलता. त्याआधी गारगोटीतनं. सगळ्यांना एकाच दिवशी ही अक्कल कुठनं सुचली?"

संयोगितानं फोनवर हात ठेवला. "आण्णा, तुम्ही हे पुढं पाठवलं?"

"अध्यक्षांच्या ग्रुपवर. एवढी मोठी गोष्ट आपल्यापाशीच दाबून ठेवायची व्हय?"

तिनं फोन परत कानाला लावला. मनातलं बोलली असती तर सचिवपद गेलं असतं. अरिहंतनं फाईल पाठवली, ती कुठं ठेवायची ते सांगितलं. काटा पुन्हा बोलायला लागला तेव्हा रांगेतला शेवटचा माणूस रिकामी किटली हलवत घराकडं निघाला होता.

दुपारी तिनं आण्णांना समोर बसवलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नुकसान व्हावं म्हणून केलं न्हाय गं," ते म्हणाले. "कॉम्प्युटर गेला तर गावाचं दूध अडंल, म्हणून भ्यालो."

"भ्यावं म्हणूनच लिवलेलं असतंय ते. ह्यात कंपनीचं नाव हाय का? तारीख हाय?"

"कालच म्हणतंय की."

तिनं त्यांच्याच फोनवर तो मेसेज शोधला. मागच्या दिवाळीच्या सुमारास कुणीतरी हाच पाठवला होता, शब्दाला शब्द. त्यातही 'कालच' होतं. आण्णांनी चष्मा पुसला, दोन्ही मेसेज एकामागं एक वाचले.

"खरी कंपनी 'सगळ्यांना पाठवा' म्हणून कधी मागं लागत न्हाय," संयोगिता म्हणाली. "इथनं पुढं काय काढायच्या आधी, काय पाठवायच्या आधी, मला फोन करायचा. आणि आता त्या ग्रुपवर लिवा, माझं चुकलं म्हणून."

त्यांनी लिहिलं. बोटानं एकेक अक्षर शोधत, पण लिहिलं. संयोगिताला क्षणभर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती जेवायला बसली आणि फोन वाजला. "संयोगिता, निळ्या फुलाचा फोटो उघडला की फोन जळतोय म्हणं. पाठवू?"

"नको, आण्णा."

घास तोंडाशी नेला तोच परत वाजला. "बॅटरीला व्हायरस लागतोय म्हणं..."

"खोटं हाय. नको!"

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं ताटच बाजूला सारलं. "आता काय, आण्णा?"

"हे बघ, सूर्य उगवतोय, खाली 'सुप्रभात' लिवलंय."

"पाठवा!" ती ओरडली. "ते पाठवा!"