पिवळी ज्योत आणि आईंची खिडकी

शेजारच्या बँकवाल्यांच्या स्वयंपाकघरात त्या रविवारी सतरा माणसं उभी होती. एरवी तिथे दोघी शिरल्या तर एकीला कोपर आवरून घ्यावं लागतं. फ्रिजला टेकून दोघं, सिंकपाशी चौघी, दारातल्या चपलांच्या ढिगावर मजल्यावरचे उरलेले शेजारी, आणि मधोमध, ओट्यासमोर, घराच्या दिशा बघून दोष सांगणारे दिशागुरुजी. इस्त्रीचे पांढरे कपडे, गळ्यात होकायंत्र, खांद्याला कातडी पिशवी.

गुरुजींनी शेगडी पेटवली. ज्योत निळीशार. पिशवीतून त्यांनी फवाऱ्याची छोटी बाटली काढली आणि ज्योतीवर हलकासा फवारा सोडला. ज्योत भपकन पिवळीधमक झाली.

"अग्नी नाराज आहे," गुरुजी हळूच म्हणाले, जणू अग्नीनं ऐकलं तर पंचाईत. "बाईंचं तोंड दक्षिणेला. किती वर्षं?"

बँकवाल्यांच्या बायकोनं चोरी पकडल्यासारखं सांगितलं, अकरा.

मग चौघांनी मिळून शेगडी पूर्वेकडे वळवली. गॅसची नळी ताणून पतंगाच्या दोऱ्यासारखी झाली, पण नळीकडे बघतो कोण. तोवर गुरुजी डोळे मिटून, एक हात पिशवीत घालून पुटपुटत होते. पुन्हा ज्योत, पुन्हा फवारा. ज्योत जरा फुरफुरली आणि निळीच्या निळी राहिली. सतरा जणांचा श्वास एकदम सुटला. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला.

माझ्या शेजारी सासरे उभे होते. दोन महिने त्यांना खोकला होता. डॉक्टरांकडे चला म्हटलं की तो थांबायचा आणि विषय बदलला की सुरू व्हायचा. तिथून निघताना त्यांनी गुरुजींना आमच्याकडे नेलं.

आमचं स्वयंपाकघर बघून गुरुजींनी कपाळाला हात लावला. ओटा पश्चिमेला, त्याच्यावर खिडकी, म्हणजे रांधणारीचं तोंड मावळतीला. सासऱ्यांचा खोकला त्यातूनच आला होता म्हणे. धाकटा दीर गाडी चालवायच्या परीक्षेत तीनदा नापास झाला तो त्यातूनच. माझ्या नवऱ्याची बढती अडकली तीही तिथेच, बहुधा सिंकच्या जाळीत. उपाय सोपा होता. शेगडी समोरच्या आग्नेय कोपऱ्यात न्यायची, तोंड पूर्वेला म्हणजे कोऱ्या भिंतीला, आणि पश्चिमेची खिडकी विटा लावून कायमची बुजवायची. पुढच्या रविवारी अग्निपरीक्षा, लगेच गवंडी.

सासूबाईंना कुणी विचारलंच नाही.

आईंचं त्या खिडकीशी काय होतं, ते सांगायला हवं. आमच्या मागची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या इमारतीतल्या शिंपीणबाईंची खिडकी जवळजवळ हाताशी येते. शिंपीणबाईंना लहानपणापासून ऐकू येत नाही. अडतीस वर्षं आई इकडे फोडणी देतात, त्या तिकडे मशीन चालवतात आणि दोघी बोटांनी बोलतात. आमच्या घरातलं कुठलंही भांडण मिटायच्या आत तिकडे पोचलेलं असतं. आता दोघींचेही गुडघे गेले. चार मजले उतरून पुन्हा चार चढणं दोघींनाही जमत नाही. खिडकी बुजली की संपलंच.

आई रागावल्या की भांडी वाजतात. त्या रात्रीच्या जेवणाला एकही भांडं वाजलं नाही. त्या फक्त "बरं" म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी खिडकीची काच दोन्ही बाजूंनी पुसून काढली.

बुधवारी मी मीठ घालून बटाटे उकडायला ठेवले आणि दाराशी भाजीवाल्याशी हुज्जत घालत बसले. परत येते तो पातेलं उतू गेलेलं, पाणी शेगडीवर ओघळतंय आणि ज्योत पिवळीधमक.

पातेलं उतरवायला पुढे केलेला हात तसाच राहिला. हा पिवळा रंग मी रविवारी पाहिला होता.

मी इस्त्रीची फवाऱ्याची बाटली आणली. साध्या पाण्याचा फवारा मारला. ज्योत फुरफुरली, निळीच राहिली. बाटलीत दोन चमचे मीठ विरघळवून फवारा मारला. पिवळी. शेगडी उत्तरेला केली, पिवळी. दक्षिणेला केली, पिवळी. पूर्वेला, जिथे अग्नी खूश असतो, तिथेही पिवळी.

आई मागे येऊन उभ्या होत्या. "शंभर वेळा पाहिलंय मी हे," त्या म्हणाल्या. "कधी डोक्यातच आलं नाही."

कसं येणार? उतू गेलं की आपण आधी पातेलं उचलतो, मग स्वतःला बोल लावतो, मग ओटा पुसतो. ज्योतीचा रंग कुठला, हे बघायला थांबतं कोण. इमारतीतल्या प्रत्येक बाईनं तो चमत्कार आपल्या घरात फुकट पाहिला होता आणि फडक्यानं पुसून टाकला होता.

नवऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, तू आता शास्त्रज्ञ झालीस का. मग स्वतः चार वेळा फवारा मारून बघितला आणि विचारलं, "बाबांना सांगणार कोण?"

रविवारी आमच्या स्वयंपाकघरात बावीस माणसं होती. जिन्यात गवंडी विटांवर बसून चहा पीत होता. गुरुजींनी ज्योत पेटवली, फवारा मारला, ज्योत पिवळी झाली, सगळे हळहळले. माणसं शेगडी उचलायला सरसावली आणि गुरुजींचा हात पिशवीकडे निघाला.

"गुरुजी," मी म्हटलं, "शेगडी फिरवू या. पण फवारा ह्याच बाटलीतला मारायचा. ती पिशवीत ठेवू नका."

"ताई, शंका घेतली की शास्त्र फळत नाही."

"शंका कसली. नुसती बाटली धरते."

"सूनबाई," सासरे दटावून म्हणाले आणि खोकले.

तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आल्या आणि त्यांनी गुरुजींसमोर तळहात धरला. गुरुजींचा चेहरा खुलला. घरातली मोठी बाई हात पसरतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? त्यांनी मोठ्या मायेनं तळहातावर फवारा मारला.

आईंनी तो चाटला. रोज कालवणाची चव बघतात तशा, डोळे बारीक करून.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. "मीठ जरा जास्तच पडलंय."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मी गुरुजींच्या हातातली बाटली काढून घेतली. शेगडी पूर्वेला वळवून फवारा मारला. पिवळी. तोवर अकरा वर्षांचा दोष डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बँकवाल्यांच्या बायकोनं कुणालाही न विचारता पिशवीत हात घातला. हुबेहूब तशीच दुसरी बाटली निघाली. तिनं ती आईंच्या हातावर उपडी केली.

"ही अळणी," आई म्हणाल्या.

मग मी सगळं उलगडून सांगितलं. मिठात सोडियम असतं, ते ज्योतीत पडलं की ज्योत पिवळी दिसते. ती आग्नेयेला पिवळी होते, नैर्ऋत्येला होते, न्हाणीघरातसुद्धा होईल. गुरुजी आधी मिठाचं पाणी मारतात आणि तुम्ही शेगडी ओढण्यात गुंतलात की साध्या पाण्याची बाटली काढतात. शेगडी फिरते ती निव्वळ तुम्हाला कामाला लावायला.

इथली ऊर्जा दूषित आहे, असं काहीसं पुटपुटत गुरुजी निघाले. कुठल्या दिशेला गेले, ते कुणी पाहिलं नाही.

"मग माझा खोकला?" सासरे बारीक आवाजात म्हणाले. इतके दिवस ते खोकल्याला नाही, डॉक्टरांना घाबरत होते, हे मला तेव्हा कळलं.

"आपण उद्या जाऊ, बाबा. मी येते बरोबर."

डॉक्टरांनी तपासलं, छातीचा फोटो काढला, चार प्रश्न विचारले. दोष सापडला तो सासऱ्यांच्या उशीत. लग्नातली उशी, आत कापूस कमी आणि धूळ जास्त. उशी टाका, औषध घ्या आणि स्वयंपाकघरातला धूर बाहेर जायला खिडकी उघडी ठेवा, असं त्यांनी बजावलं.

स्वयंपाकघराचा विचार करूच नये, असं माझं म्हणणं नाही. जरूर करा. धूर बाहेर जातोय का, नळी ताणली तर नाही ना, चिरताना हातावर स्वतःचीच सावली पडते का, हे बघा. ते बघायला दोन डोळे पुरतात, होकायंत्र लागत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडायच्या आधी एवढंच म्हणा: पुन्हा दाखवा, तीच बाटली घ्या आणि माझ्या हातात द्या.

त्या रविवारी गर्दी पांगली, गवंडी कुरकुरत विटा घेऊन उतरला आणि आई ओट्यापाशी गेल्या. समोर शिंपीणबाई मशीन थांबवून केव्हाच्या वाट बघत होत्या. त्यांनी हात हलवून विचारलं, काय झालं?

आईंनी मिठाच्या बरणीतून चिमूटभर मीठ घेतलं, वर धरून दाखवलं, मग ज्योतीवर सोडलं. भपकन पिवळी.

शिंपीणबाईंनी क्षणभर पाहिलं. मग त्या उठून आत गेल्या आणि स्वतःची मिठाची बरणी घेऊन आल्या.