सायकलीच्या खोक्यातली जागा

आमचे हे मुरबाड-कल्याण जीप चालवतात. माळशेजच्या घाटात डोळे मिटून गाडी घालतील, पण सायकल म्हणाल तर येत नाय. लहानपणी मिळाली नाय, मोठेपणी शिकायची लाज वाटली. मी खर्डीची. बापाची सायकल दामटत स्टेशनावर दूध पोचवायची, मला कसली लाज?

लेक कुणाली कोपनहेगनला नोकरीला. औंदा उन्हाळ्यात तिनं आमाला आठवडाभर बोलावलं. त्या शहरात जो तो सायकलवर. सुटाबुटातला साहेब सायकलवर, पोटुशी बाईसुद्धा सायकलवर. मी तर हरखूनच गेले. पयल्याच सकाळी कुणालीनं माझ्यासाठी सायकल आणली आणि स्वतःसाठी एक तीनचाकी, तिच्यापुढं हे भलंमोठं लाकडी खोकं. तिथल्या बाया पोरांना त्यात बसवून शाळेत सोडतात. त्यात उशी टाकून ती बापाला म्हणाली, बसा, सगळं शहर दाखवते.

हे म्हणाले, नको गो, गुडघे दुखतात, तुमी दोघी जा.

आता आमच्याकडं पावणा भाताला हात आडवा धरतोच. पयल्या नकोला कोण विचारतं? दोनदा म्हणायचं, तिसऱ्यांदा ताटात टाकूनच मोकळं व्हायचं. पण कुणाली सहा वर्षं त्या लोकांत राहिलेली. तिकडं नको म्हणजे नको, पुन्हा विचारणं म्हणजे माणसाला छळणं. तिनं बापाला आराम करा सांगितलं आणि निघाली.

आणि मी? मला वाटलं, अख्ख्या स्टँडवर रुबाबात वावरणारा माणूस, लेकीनं ढकललेल्या गाडीत बसेल होय? उगा कशाला लाजवा. मी गप पायडल मारलं.

काय फिरलो म्हणून सांगू! पाण्यावर निव्वळ सायकलींसाठी बांधलेला पूल, काठानं लाल-पिवळी घरं, उतारावर पदर नुसता उडतोय. बागेत पोळी सोडली तर बदकं अंगावर. रोज निघालो, रोज ते खोकं रिकामं. घरी यावं तर हे खिडकीशी बसलेले. पूल केवढा, उतारावर ब्रेक धरावा लागतो का, सगळं खोदून खोदून विचारायचे. मी सांगत सुटायची. इतकं कशाला विचारतोय हा बाबा, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाय.

मुरबाडला आल्यावर स्टँडवरचा जाणू घरी आला. जगदीशदादा, काय काय बघितलं? ह्यांनी पूल सांगितला, बदकं सांगितली, उतारावर वारा कसा तोंडावर येतो तेपण सांगितलं. सगळं माझंच! जाणू गेल्यावर मी चिडवलं, काय हो, गुडघे बरे झाले वाटतं?

हे हसले नाय. खाली बघून म्हणाले, "मीना, तू तरी अजून एकदा म्हणायचं होतंस. बसलो असतो."

"आणि लाज?"

"जन्मभर लोकांना बसवून फिरवलं गो. मला बसवून कोण फिरवतंय? लेक फिरवत होती."

आधी रागच आला. तोंड नव्हतं का तुमाला? मग माझंच तोंड आठवलं, तेही गपच होतं. कुणालीची तिथली नोकरी ह्याच महिन्यात संपतेय, पुन्हा जाणं काय होत नाय. तिला फोन लावला. जेवलीस का, एवढंच विचारलं. बापाचं सांगितलं असतं तर पोर जन्मभर झुरली असती.