झेंडूचा भाव

घसा बसला आणि दौंडच्या इरशाद शेखचं रॉक बँडमधलं गाणं सुटलं; बोलण्यापुरता आवाज उरला. शिरूरच्या रेडिओ केंद्रात त्याला फुलांचे बाजारभाव सांगायचं काम मिळालं. पहिला दिवस जमला तरच नोकरी, असं ठरलं होतं.

"आज झेंडू..." एवढं म्हणून त्यानं माइक समोरच्या भिंतीकडे धरला. बँडच्या कार्यक्रमात पुढची ओळ नेहमी गर्दी म्हणायची.

केंद्रप्रमुख शितलताईंनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात आलेला फोन त्यांनी थेट प्रसारणात जोडला.

"आरं बाबा, गप का झालास? साठ रुपये किलो. आत्ताच इकून आले," पाटसच्या सिंधूबाई म्हणाल्या.

लगेच दुसरा फोन आला. "त्यांचा झेंडू वला आसंल. माझा सत्तरनं गेला."

फोन थांबेनात. शितलताई हसल्या. "शेख, उद्यापण या."