बोक्याचं घुंगरू

बोका हे नाव आजीने ठेवलेलं. तान्हा होता तेव्हा श्वास घेताना त्याच्या छातीत घुर्र घुर्र वाजायचं, आणि आजी कौतुकाने सांगत सुटायची, "आमच्याकडे नातू नाही, बोका जन्माला आलाय." असं हसता हसता एके दिवशी बोका दूध पिताना निळा पडला आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरबाईंनी नीट समजावून सांगितलं. याची श्वासनळी फार मऊ आहे, श्वास सोडताना ती मिटते. वयाबरोबर घट्ट होईल, पण तोवर वाट उघडी राहायला गळ्याला भोक पाडून छोटी नळी बसवावी लागेल.

नळी बसली आणि पोर चांगलं गुटगुटीत झालं. आवाज मात्र गेला. हवा त्या भोकातूनच ये-जा करायची, वर घशापर्यंत पोचायचीच नाही. पठ्ठ्या हसायचा मुका आणि रडायचाही मुका. तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, गालांवर धारा, आणि आवाज म्हणाल तर नावालाही नाही.

आता आईने भाजी चिरायची म्हटली तरी पाठ फिरवायची कशी? मग तिने त्याच्या मोज्याला एक घुंगरू शिवलं. रडू आलं की तो पाय झाडायचा, घुंगरू वाजायचं, आणि ही हातातलं टाकून धावायची. आजी म्हणायची, "अगं, रडू दे की जरा. रडून पोर झिजत नाही." हिला ते पटायचं नाही. बोक्याला तिने कधी धड रडू म्हणून दिलं नाही.

आज दवाखान्यात त्या नळीच्या तोंडाला टोपण लावायचं होतं. मग हवेला मूळच्या वाटेनेच जावं लागणार. वाट उघडी राहिली तर नळी निघणार, मिटली तर पहिले पाढे पंचावन्न. मागच्या खेपेला मिटली होती. टोपण लावताक्षणी पोराच्या बरगड्या आत ओढल्या गेल्या होत्या.

या वेळी टोपण लागलं आणि बोका आईच्या मांडीवर निवांत बसून राहिला.

"शांत असताना उत्तम चाललंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण श्वासनळी मिटते ती जोर लागला की, रडताना. ते बघायला हवं. आणि तुम्ही जवळ असलात की हा काही रडायचा नाही. तुम्ही बाहेर बसा, आजी थांबतील."

ती जड पावलांनी बाहेर आली. बोळात ओळीने दारं होती आणि एक बाक. बाकावर हाताला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांच्या शेजारी टेकून ती कान टवकारून घुंगराची वाट बघू लागली.

घुंगरू काही वाजेना. उलट कुठलंसं पोर रडायला लागलं. आधी गंजक्या बिजागरीसारखं कुरकुरलं, मग त्याने असं भोकाड पसरलं की बोळ दणाणून गेला.

"कुणाचं कार्टं आहे हो हे?" ती वैतागून म्हणाली. "आई कुठे उलथलीये याची?"

"पोर आहे, रडणारच," गृहस्थ म्हणाले. "छाती दमदार आहे म्हणायची."

"तुम्हाला बोलायला काय जातंय? माझं पोर आत आहे. या बोंबलण्यात मला त्याचं काही ऐकू येत नाहीये." घुंगरू वाजत नाही म्हणजे तो पाय हलवत नाही. पाय का हलवत नाही? तिला भयंकर भीती वाटली. ती उठली आणि सरळ दार ढकलून आत शिरली.

"सिस्टर, त्या पोराला गप्प करा हो कुणीतरी, मला माझ्या..."

खोलीत पाळणा एकच होता. बोक्याच्या अंगठ्याला तपासणीचा चिमटा लावायचा म्हणून सिस्टरने मोजा काढला होता, आणि तो घुंगरासकट आजीच्या मुठीत होता. बोक्याचं तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, गालांवर धारा. सगळं रोजचंच. फक्त आज त्या तोंडातून आवाज येत होता.

डॉक्टरबाईंची नजर त्याच्या छातीवर होती. "बरगड्या ओढल्या जात नाहीयेत," त्या म्हणाल्या. "ओठही गुलाबी आहेत. उद्यापर्यंत असंच राहिलं तर नळी काढू. आणखी थोडं रडू दे त्याला."

आईला बघून बोक्याने दोन्ही हात पुढे केले आणि सूर आणखी चढवला. तिचेही हात आपोआप पुढे झाले. मग तिने ते पाळण्याच्या कठड्यावर घट्ट दाबून धरले. आजी रडत होती, हीही रडत होती.

"रड, बोक्या, रड," ती म्हणाली. "आई इथेच उलथलीये."